सहा दिवसांचे धपाटे

वसुधा धपाटे थापत होती. बार्सिलोनात सहा दिवस, माणसं दोन. ओट्यावरची चळत वाढत चालली होती. डॉक्टर नवऱ्याबरोबर ती पहिल्यांदाच कॉन्फरन्सला निघाली होती. परक्या मुलखात शाकाहारी माणसाचे हाल कुत्रा खात नाही, म्हणून एक बॅग निव्वळ खाण्याची. अमेरिकेतल्या या श्रूजबरी गावातलं कुठलंही मराठी घर हेच करतं.

चारुदत्त लायब्ररीचं गाइडबुक परत करायला निघाला होता. आतल्या शिक्क्यावर आजचीच तारीख होती, १४ मार्च १९८६. पुस्तकात पाच ठिकाणी जुन्या ख्रिसमस कार्डांच्या पट्ट्या खोवलेल्या दिसल्या. बायकोनं आपल्यासाठी शाकाहारी हॉटेलं हुडकून ठेवली, या कौतुकानं तो बुटांसकट खुर्चीत बसला.

पहिल्या पट्टीपाशी निखाऱ्यावर भाजलेली तारली होती. दुसरीपाशी कोळंबी घातलेला भात. तिसरीपाशी बंदरावरची एक खानावळ. दुपारी होड्या लागल्या की मासा थेट तव्यावर. त्यानं पाचही पानं वाचली. भाजीचं नाव कुठेच नव्हतं.

वसुधा वेंगुर्ल्याची. लग्न झालं आणि तिनं मासे सोडले. कुणी अट घातली नव्हती. सासरी कुणी खात नाही, एवढंच तिला पुरलं. बावीस वर्षांत चारुदत्तनं त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. उलट मराठी मंडळींच्या दर पॉटलक जेवणाला तो ऐटीत सांगायचा, की हिला कधी आठवणसुद्धा येत नाही. तेव्हा वसुधा हसून ताटात थोडी कोशिंबीर वाढून घ्यायची. आता ते हसणं आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

"या पट्ट्या कसल्या गं?"

तिनं वळून पाहिलं आणि पिठाचा हात पुढे केला. "काढायच्याच राहिल्या बघा. द्या इकडे. नुसतं वाचत होते हो, वाचायला काय जातंय?"

त्यानं पुस्तक दिलं नाही. बंदरावरच्या खानावळीचा पत्ता कॉन्फरन्सच्या पाकिटावर नीट उतरवून घेतला. मग ओट्यापाशी येऊन चळतीकडे बघत उभा राहिला.

"किती झाले?"

"दोघांचे तीन दिवसांचे. अजून तेवढेच करायचेत."

"पुरेत एवढे," तो म्हणाला. "खाणारा मी एकटाच आहे."

तव्यावरचा धपाटा करपायला लागला, तरी वसुधाला तो उलटायचं सुचलं नाही.