पोळ्याचा पट

मोबाइलवरच्या शंकरपटाच्या गेममध्ये बैल आगपेटीसारखे चौकोनी होते, तोवर रोहण्याच्या नत्थूजींना त्यांचे आर्वीचे साळे नानाजी कधी हरवू शकले नव्हते. मग तोच गेम नव्या रूपात आला. बैलांना वशिंड फुटलं, नाकपुड्या ओल्या झाल्या. नानाजींनी मुद्दाम पोळ्याला शर्यत ठेवली. बैलावर बोट टेकवलं की जोडी पळायची, पण नत्थूजींचं बोट टेकेना. "आज बैल जुंपत नाई." "फोनातल्या बैलाले कायचा पोळा, भाऊजी?" म्हणत नानाजींनी तिकडून जोडी सोडली. तेवढ्यात नत्थूजींच्या पत्नी रुख्माबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. "किती गुणाचे दिसून राह्यले," म्हणत त्यांनी पडद्यावरच्या बैलांना कुंकू लावलं. जोडी उधळली ती नानाजींना मागे टाकून शेवटच्या झेंड्यापाशीच थांबली. "पोळ्याले बैल पयवले?" नानाजी कळवळले. कुंकू न पुसता नत्थूजी म्हणाले, "मी नाई पयवले. तुमच्या बहिणीनं पुजले."