तुकडीतले हसरे चेहरे

युद्धातल्या तिच्या बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचा इतिहास छापून आला, तेव्हापासून ग्लाफिरा आजीला चैन नव्हतं. त्या विमानांना बॉम्ब लावायचं काम तिचं. पुस्तक पुढून मागे, मागून पुढे नुसती चाळत सुटली होती.

"चहा गार झाला गं! शोधतेस तरी काय?" नात तास्या वैतागली.

"प्लातोनला, आमच्या एका वैमानिकाला. चेहराच आठवेनासा झालाय. त्याच्या पहिल्या उड्डाणाआधी मी कॅमेरा काढला, तर माझ्यावरच खेकसला, 'उडायच्या आधी फोटो? अपशकुन करतेस का? परत आलो की काढ हवे तेवढे!'"

"मग असेल की! बघ ना, एकूण एक चेहरा हसतोय. नशीबवान हं तुमची तुकडी!"

आजीने पुन्हा पहिलं पान उघडलं.

"अगं, आम्ही सगळ्यांचेच फोटो परत आल्यावर काढायचो."