निरोगी नमुना

“मास्तर, मायं रक्त त्या वांदराच्या रक्ताजवळ ठेवू नका बरं!” असं म्हणून अनुसयाबाईनं हात पुढे केला.

प्रेमदास हसला. तो वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि वर्षभर आंजी गावच्या वानरांमागे फिरत होता. पिंजऱ्यात धरायचं, थोडं रक्त काढायचं, सोडून द्यायचं. गाव त्याला वांदरमास्तर म्हणायचं. वानराचे आणि माणसाचे जीन इतके सारखे, मग दोघांत एवढा फरक कसा? प्रेमदासला वाटे, खरा फरक जीन कधी चालू होतो आणि कधी बंद होतो यातच आहे. आता रक्ताचंच बघा. पोटातल्या बाळाचं रक्त एका जीनवर बनतं. जन्मानंतर तो बंद पडतो आणि मोठ्यांचा जीन काम धरतो. वानरात हे कधी होतं आणि माणसात कधी, ते त्याला मोजायचं होतं. ताडून बघायला एक ठणठणीत म्हातारं माणूस हवं होतं. सत्तरीतही शेतात निंदणाला जाणाऱ्या अनुसयाबाईपेक्षा ठणठणीत कोण मिळणार?

म्हातारीचा हेतू मात्र वेगळाच होता. तिची नात कोकिळा सहा वर्षांची. तिचे हातपाय सुजायचे, हाडं ठणकायची, पोर गडबडा लोळायची. डॉक्टरांनी सिकलसेलचा आजार सांगितला, तो रक्तातून येतो म्हणाले. तेवढं ऐकून म्हातारीनं निकाल लावून टाकला.

“आमच्या घराण्यात असं नाई. हे अल्लीपूरचं हाये,” ती म्हणाली. अल्लीपूर म्हणजे सुनेचं माहेर. “तुमी मायं रक्त चांगलं हाये असा कागद द्या. मंग जयवंताले धाडतो माहेरी, अन् बंडूचं दुसरं लगन लावतो.”

जयवंता तिथंच शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. तिचा नवरा बंडू दारात उभा होता, तोही गप्प. काय म्हणावं अशा नवऱ्याला!

चार दिवसांनी प्रेमदास चक्रावला. म्हातारीच्या रक्तात बाळाचं रक्त निघालं, तेही चांगलं चौथा हिस्सा. नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं म्हणून तो पुन्हा आंजीला गेला, पुन्हा रक्त घेऊन आला. तेच निघालं. मग त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या. बाळाचं सोडलं तर बाकी सगळं रक्त सिकलचंच होतं. आधी तो हरखला. बंद न पडलेला असा एखादा जीन तर तो वर्षभर वानरांत शोधत होता. मग त्याला जयवंता आठवली आणि स्वतःची लाज वाटली.

सांगावं की न सांगावं? तो प्रयोगशाळेत येरझारा घालत राहिला. चहा मागवला, तो तसाच निवला. सांगितलं तर म्हातारी आयुष्यातून उठेल, न सांगितलं तर सून. शेवटी त्यानं आंजीची एस.टी. धरली. जागा रिकामी होती, तरी तो गाव येईस्तोवर उभाच राहिला.

ओट्यावर जयवंताचा भाऊ बसलेला. तिला न्यायला म्हातारीनं त्याला आधीच बोलावून घेतलं होतं.

“आजी,” प्रेमदास दम न घेता म्हणाला, “सिकल तुमालेच हाये. अर्धा नाई, पुरा. लहानपणी बंद व्हायचा तो जीन तुमच्यात बंदच झाला नाई, त्यानं तुमाले सांभाळलं. पण बंडूले तो तुमच्याकडून गेलाच. कोकिळेले अर्धा त्याच्याकडून आला, अर्धा जयवंताकडून. एकटीचा कोणाचाच नाई.”

अनुसयाबाई खाली बसली.

“माई दोन लेकरं अशीच हाडं धरून रडत रडत गेली,” ती म्हणाली. “मी म्हणो, कोणाची नजर लागली.”

मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर खोचला आणि ओट्याखाली उतरली.

“बंडू, बंडीले बैल जुंप. मले सोडून दे.”

“कुठं वं माय?”

“माहेरी तं कोणी उरलं नाई माया. कुठंबी सोड. सुनेले काढत होतो न मी? आता मले काढ.”

बंडू ढिम्म उभा. जयवंता उठली, सासूच्या वाटेत जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

“मंग मीबी निघतो, आत्याबाई. अर्धं तं मायंबी हाये. तुमच्या लेकाचंबी हाये, मंग तेबी चालले. पोरीजवळ कोण बसन?”