परिणामाची सुरुवात

नव्या क्रीमच्या चाचणीत वीसपैकी बारा जणींच्या गालांची आग आग झाली, असं केमिस्टबाईंनी मीटिंगमध्ये सांगितलं. जाहिरातप्रमुख खेकसला, “अहो बाई, होर्डिंग लागलीसुद्धा, आता कसलं रडगाणं लावलंय?”

मग या दीडशहाण्यानं अक्कल पाजळून क्रीमच्या ट्यूबवर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं, ‘जळजळ होतेय? म्हणजे परिणाम सुरू झालाय!’ वरिष्ठांनी टेबलं बडवली. क्रीम बाजारात आली त्याच दिवशी त्याला बढती मिळाली.

ती बातमी सांगायला तो मिरवत घरी पोचला. दार लेकीनं उघडलं. तिचे दोन्ही गाल सुजून लालबुंद झाले होते.



“बाबा, तुमचीच क्रीम आणली! खूप जळजळ झाली, म्हणून आणखी दोनदा लावली.”