गोमाशी

हलगीच्या तालावर काळुराम पहिलवान आखाड्याभोवती फेऱ्या घालत होता आणि अजून कोणी मांडीवर थाप मारली नव्हती. कल्याणच्या त्या जत्रेचा रिवाजच तसा होता. शेवटच्या कुस्तीआधी गदेच्या मानकऱ्याने फिरायचं, आणि ज्याच्या अंगात रग असेल त्याने शड्डू ठोकून उतरायचं. गेली दोन वर्षं कोणी ठोकला नव्हता. यंदाही कोणी उठला नाही, तर गदा कायमची काळुरामच्या घरी जाणार होती. मग मानाची कुस्तीच उरणार नव्हती.

कोपरच्या मिठागरावरचा सहदेव आखाड्याच्या कडेला लंगोटावर बसला होता. दुपारची आपली कुस्ती त्याने केव्हाच मारली होती, अंगावरची माती वाळूनही गेली होती. मिठाच्या पाट्या वाहून त्याची मान बैलासारखी झालेली, आणि तालमीत पाय ठेवल्यापासून त्याची पाठ कोणी मातीला लावली नव्हती. सगळं गाव म्हणत होतं, आता नाही तर कधी? एकटे त्याचे मारुती वस्ताद म्हणत होते, पुढल्या वर्षी.

वस्ताद काही भित्रे नव्हते. पण काळुरामशी शेवटचा लढला तो गोपीनाथ त्यांच्याच तालमीतला. त्याचा खांदा जो उखडला, तो पुन्हा धड बसलाच नाही. आजही तो मागे उभा राहून एका हाताने पोरांना पाणी देत होता. ते बघितलं की वस्तादांच्या तोंडून होकार निघत नसे, आणि त्यांच्या होकाराशिवाय त्यांचा चेला शड्डू ठोकत नसे. सहदेवही ठोकणार नव्हता. मनातून मात्र तो नुसता जळत होता.

फिरता फिरता काळुराम त्याच्यासमोर थांबला. मिठाने फुटलेल्या त्याच्या पायांकडे बघत म्हणाला, मिठात राबून अंग फुगतं, बळ येत नाही. बळाला दूध-बदाम लागतात. काळुरामचा खुराक पुरवणारे ठाण्याचे शेठजी गादीवर बसून मनमुराद हसले. सहदेवने मान खाली घातली.

शेवटची फेरी संपली. हलगी थांबली. पंच गदा उचलायला वाकले.

नेमकी तेव्हाच बैलगाड्यांकडून एक गोमाशी आली आणि सहदेवच्या उजव्या मांडीला कडकडून चावली. त्याचा हात आपसूक खाली आला. माशी बिचारी जागीच मेली, पण त्या शांततेत तो आवाज पार खाडीपर्यंत गेला असेल. पंच वाकलेले तसेच राहिले. मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"शड्डू कोणाचा?" पंचांनी विचारलं.

आपण काय करून बसलो ते सहदेवच्या आत्ता ध्यानात आलं. पंच म्हणाले, शड्डू असेल तर उतर, नसेल तर तसं सांग, आमचा खोळंबा करू नकोस. वस्ताद त्याच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, माशी होती म्हणून सांग. लोक घटकाभर हसतील आणि विसरतील. लोक विसरणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हातारा होईपर्यंत सहदेवला गाव माशी म्हणूनच हाक मारणार होतं.

सहदेवने तळहात उघडून बघितला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"माशीच व्हती," तो म्हणाला.

मैदान हसून हसून लोटपोट झालं. काळुराम तर पोट धरून हसला आणि हसतच त्याने गदेकडे हात केला. वस्तादांचा जीव भांड्यात पडला. पण सहदेव त्यांच्याकडेच बघत राहिला.

"वस्ताद, पुढल्या वर्षाला गदाच नाय."

 वस्तादांनी मागे वळून गोपीनाथकडे बघितलं. गोपीनाथने पाण्याची घागर खाली ठेवली, धड हाताने आखाड्यातली मूठभर माती उचलली आणि वस्तादांच्या हातात दिली.  वस्तादांनी ती माती सहदेवच्या पाठीवर चोळली. पुन्हा एकदा चोळली.

लोकांचं हसणं अजून चालूच होतं. सहदेव उठला, आखाड्यात उतरला आणि त्याने डाव्या मांडीवर असा पंजा मारला की झाडावरचे कावळे उडाले. काळुरामचा हात गदेपाशी थबकला.

"मघाशी माशी व्हती," सहदेव म्हणाला. "यो शड्डू."