चार फुटांची फळी

निरीक्षक बाई दुकानाच्या दारात आल्या, तेव्हा मॅनेजर गल्ल्याजवळची पायरी ओढत होता आणि पायरी ढिम्म हलत नव्हती.

मॅनेजर हुशार माणूस. गल्ल्याजवळ चॉकलेटं चार फुटांच्या खाली ठेवायची नाहीत, असा नियम निघाला होता. लहान मुलांचे हात पोचू नयेत, त्यांची वजनं आवाक्यात राहावीत, एवढाच त्यामागचा हेतू. मॅनेजरने नियम शिरसावंद्य मानला. फळी चार फुटांवर नेली. मग तिच्याखाली दोन फूट उंचीची लाकडी पायरी करून घेतली, वर गुलाबी ससा रंगवून. तपासणी आली की गल्ल्यावरच्या मुलीने खोकायचं आणि मॅनेजरने पायरी आत सरकवायची, असं ठरलं होतं. आज ती बिचारी जीव तोडून खोकत होती.

"काका, हात लावा की," मॅनेजर दातओठ खात म्हणाला.

सुतारकाका शेजारीच एका कपाटाचं दार घासत होते. या कंपनीची बारा दुकानं. या पायऱ्यांसकट सगळं लाकूडकाम त्यांच्याकडे आणि घर त्यावरच चालायचं. त्यांची सात वर्षांची नात जिना चढताना धाप लागून मध्येच बसकण मारायची. गोड बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दूध घ्यायला तिला घेऊन याच रांगेत उभं राहावं लागे आणि रांग बरोबर फळीपाशी थांबे.

"ती नाही निघायची साहेब," काका म्हणाले. "फरशीत चार बोल्ट आहेत. वरून लाकडाची बुचं मारलीत, म्हणून दिसत नाहीत."

"कुणी सांगितलं होतं हे?"

"तुम्हीच म्हणालात, मुलं पडता कामा नयेत."

बाई आत आल्या. त्यांनी टेप काढला. फरशीपासून फळी चार फूट. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी चष्मा लावून नियमाचा कागद पुन्हा वाचला. मूल जिथे उभं राहतं तिथून मोजावं, असं त्यात होतं. नियम लिहिणाऱ्याला नातवंडं असावीत. टेपचं टोक सशाच्या कानांवर टेकलं. दोन फूट.

फळी आजच रिकामी करायची, अशी नोटीस लिहून बाई गेल्या.

"उद्यापासून यायचं नाही," मॅनेजर म्हणाला. "बाकीच्या अकरा दुकानांतल्या पायऱ्या दुसरा सुतार करील. खाली चाकं लावून."

काकांनी हत्यारं सावकाश पिशवीत भरली.

"त्याला कशाला तसदी देता, साहेब? त्या अकरा बसवूनच मी इथे आलो. बोल्टसकट."