बेताचं मीठ

“मीठ?” त्यानं मान वर न करताच विचारलं.

“बेताचं,” वहिनी म्हणाल्या. “लसूण पुढे पुढे करत नाही. मागे उभा राहून बोलतो.”

त्यानं मांडीवरच्या डायरीत ते उतरवून घेतलं. मग आपल्या प्लेटमधल्या पास्त्यातून एक शिंपला उचलला, आतलं मांस तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. गरम होतं, मऊ होतं. याहून जास्त काही कळलं नाही, आणि हल्ली त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

बावीस वर्षं तो वर्तमानपत्रात हॉटेलांवर लिहीत होता. दर आठवड्याला एक हॉटेल, एक पदार्थ. कचेरीत त्याला ‘जीभसाहेब’ म्हणत. आठ महिन्यांपूर्वी त्याला ताप आला, उतरला, आणि जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, थांबा. तो थांबला असता, पण सदर कुठे थांबणार होतं? शेवटी त्यानं थोरल्या भावाच्या बायकोला सगळं सांगून टाकलं. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोघं जेवायला जात. जीभ वहिनींची, नाव त्याचं.

वहिनींनाच विचारण्यामागे आणखी एक कारण होतं. भाऊ गेल्यापासून त्या घरात एकट्या. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढायच्या. निदान आठवड्यातून एकदा पोटभर जेवतील, असं त्याला वाटलं. त्यांनी एकच अट घातली होती. कुठे जायचं आणि काय मागवायचं, ते आदल्या दिवशी फोन करून सांगायचं. “तयारीनं आलेलं बरं,” त्या म्हणाल्या होत्या. पोट रिकामं ठेवून येत असतील, असं तो धरून चालला.

आणि सदर खरोखरच सुधारलं होतं. “पहिल्या पाच वर्षांत लिहायचात ना, तसं लिहायला लागलात परत,” संपादकबाई म्हणाल्या होत्या. पहिल्या पाच वर्षांत कसं लिहायचो, ते त्याला आठवत नव्हतं. छापून आलेलं पुन्हा वाचायची त्याला सवयच नव्हती. ते काम भावाचं. भाऊ दर आठवड्याला कात्री घेऊन बसायचा, धाकट्याचा लेख कापून वहीत चिकटवायचा. “घरात एकच लेखक निघाला, त्याची एवढी हमाली करू दे की,” म्हणायचा.

गेल्या महिन्यात मात्र एक पत्र आलं. तुम्ही डोक्यावर घेतलेल्या त्या कोळंबीत लसूण जळलेला होता, कडूजहर, असं कुणा वाचकानं लिहिलं होतं. संपादकबाईंनी ते त्याच्यापुढे ठेवलं. “एकदा होतं असं. पुन्हा झालं तर सदर दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल मला.” सदर गेलं तर आपल्याकडे काय उरतं, याचा विचार करायला तो त्या संध्याकाळी बसला. काहीच सापडेना, तेव्हा उठून दिवा लावला.

खिडकीजवळच्या माणसानं वेटरला बोलावलं. वेटर त्याची जवळजवळ भरलेली प्लेट उचलून आत घेऊन गेला. मग शेजारच्या टेबलावरच्याही दोन नेल्या. त्यानं ते पाहिलं आणि पुन्हा डायरीत डोकं घातलं.

“वहिनी, माकुळही मागवू या का? त्या कोपऱ्यात कुणीतरी घेतलंय, चांगलं दिसतंय.”

“नको नको.” त्यांनी घाईनं मान हलवली. “ठरलंय तेवढंच असू दे. मग माझा गोंधळ होतो.”

“बरं. शिंपल्यांचं सांगा.”

वहिनींनी एक शिंपला खाल्ला आणि क्षणभर डोळे मिटले. “समुद्राची आठवण आहे, समुद्राचा वास नाही.”

ते वाक्य त्याच्या हाताखाली आपसूक उतरलं. वहिनींची वाक्यं नेहमी अशीच उतरायची, अडखळायला होत नसे.

तेवढ्यात आतल्या दारातून मालकीणबाई आल्या. एप्रनला हात पुसत, इकडेतिकडे न बघता थेट त्यांच्याच टेबलाकडे. एरवी त्यानं घाईनं डायरी मिटली असती. आज तो नुसता बघत राहिला.

“ओळखलं मी तुम्हाला, फोटो येतो ना पेपरात,” त्या म्हणाल्या. “मला तोंड दाखवायला जागा नाही हो. स्वयंपाकी आला नाही, म्हणून मीच उभी राहिले. पास्त्याच्या पाण्यात मीठ नाही, सॉसमध्ये नाही, आणि शिंपले धुऊन धुऊन त्यांचंही घालवलं. सगळ्या टेबलांवरून प्लेटा परत येतायत, आणि तुम्ही दोघं ते अळणी मुकाट्यानं खाताय. मला वाईट वाटू नये म्हणून, ना? कळतं हो माणसाला. दुसरं आणते.”

त्यांनी प्लेटा उचलल्या. वहिनींची अगदी चाटूनपुसून साफ झालेली होती.

मालकीणबाई आत गेल्या. त्यानं डायरीची पानं उलटली. वरची ओळ त्याच्याच अक्षरात होती. मीठ बेताचं.

वहिनी हातरुमालाची घडी घालत होत्या. घातलेली मोडून पुन्हा घालत होत्या.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“हे गेले त्या आठवड्यापासून. तुमच्या आधी दोन महिने.”

“बोलला नाहीत.”

“नाही म्हटलं असतं, तर गुरुवारी कोण आलं असतं माझ्याकडे?”

आपल्याला काही वाटायला हवं आहे, एवढं त्याला कळत होतं.

“मग हे सगळं?” त्यानं डायरीवर बोट ठेवलं. “आठ महिने मी लिहून घेतोय, ते कुणाचं?”

वहिनींनी पिशवीतून भावाची वही काढली, कात्रणांनी फुगलेली, आणि त्याच्यापुढे उघडून धरली. शिंपल्यांच्या पानात खुणेला बसचं तिकीट घातलेलं होतं.

“आदल्या रात्री मी पाठ करून यायचे,” त्या म्हणाल्या. “तुमचंच आहे, भाऊजी.”